कुणाचं ‘नको’?

पुढचं बोलणं एका दीर-भावजयीचं आहे. दोघंही रायपूरचे. ती निवृत्त शिक्षिका, तो पस्तीस वर्षं डॉक्टरकी करून आता घरी बसलेला फिजिशियन. तिनं आपलं वैद्यकीय इच्छापत्र लिहून काढलंय आणि शुद्ध हरपली तर आपल्या वतीनं बोलायला दिराचं नाव घातलंय. तो तयार नाही. हा विषय घरात निघाला की ‘वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो’ असं म्हणून आपण एकमेकांना गप्प करतो. या दोघांनी तसं केलं नाही, म्हणून ते इथे मांडते आहे.

वहिनी : तुम्ही कागद दोनदा वाचलात, घडी घातलीत आणि माझ्यापुढे सरकवलात. म्हणजे पटला नाही. ठीक आहे, पण आधी मी तो का लिहिला ते ऐका. मला मरायची घाई झालेली नाही, भाऊजी. साखरेची गोळी वेळेवर घेते, सकाळी चालायला जाते, थंडी सरली की गुडघ्याचं ऑपरेशन करून घेणार आहे. हा कागद सासूबाईंच्या शेवटच्या एकोणीस दिवसांसारखे दिवस माझ्या वाट्याला आले तर, त्यासाठी आहे. २०१६ चा श्रावण. आयसीयूच्या दाराशी सिस्टरनं त्यांच्या हातातल्या पाटल्या साबण लावून काढल्या, गळ्यातली तुळशीची माळ काढली, सगळं एका रबरी हातमोज्यात भरलं, मोज्याला गाठ मारली आणि ते पुडकं माझ्या हातात दिलं. ती गाठ मी एकोणीस दिवस सोडली नाही. पहिले दोन दिवस, घशात नळी जायच्या आधी, त्या बोलत होत्या. साठ वर्षं या शहरात काढलेली बाई, भाजीवालीशी छत्तीसगढी, शेजारणीशी हिंदी. पण तापात त्यांना फक्त मराठी सुचत होतं. ‘मला कुशीवर कर गं’ म्हणत होत्या आणि ‘कुशीवर’ म्हणजे काय ते तिथे कुणाला कळत नव्हतं. मग नळी गेली. ती उपसून काढू नये म्हणून दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधली. आणि घरून निघताना काय म्हणाल्या होत्या? ‘मला तिथे नको नेऊस.’ दोनदा म्हणाल्या. ते ‘नको’ आपल्यापैकी कुणी मोजलं नाही. माझं तरी मोजलं जावं म्हणून लिहिलं.

भाऊजी : ते ‘नको’ मी ऐकलं होतं, वहिनी. पण आईचं ‘नको’ मी जन्मभर ऐकत आलो. साय नको, मला आवडत नाही. नवी साडी नको, आहे ती कुठे फाटलीय. लग्नाला नागपूरला नको, गाडी लागते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेलं कालवून खाणारी बाई ती. तिच्या प्रत्येक ‘नको’च्या मागे ‘तुम्हाला पुरू दे’ असायचं. मोतीबिंदूचं आठवतं? दोन वर्षं ‘नको’ म्हणत होती, या वयात डोळे काय करायचेत म्हणून. शेवटी मी जवळजवळ उचलून नेली. पट्टी निघाल्यावर ज्ञानेश्वरी उघडून बसली आणि मला म्हणाली, ‘आधीच का नाही नेलंस?’ मग २०१६ मध्ये दाराशी उभी राहून ती ‘नको’ म्हणाली, तेव्हा ते मी मोतीबिंदूच्या वेळचं धरायचं की वेगळं? मला अजून उमगलेलं नाही. तुमचा कागद ते सांगत नाही, त्यावर फक्त नोटरीचा शिक्का मारतो. आपल्या घरांत बाईला ‘नको’ म्हणायला लहानपणापासून शिकवतात. माझ्या दवाखान्यात मी हेच पाहिलं : पुरुष आजारी पडला की पहिल्या दिवशी आणायचे, बाईला चौथ्या दिवशी, आणि ती मान खाली घालून सांगायची, ‘मीच नको म्हटलं होतं.’ अशा ठिकाणी ‘मला उपचार नकोत’ असं लिहून ठेवायची सोय झाली तर ती सगळ्यात आधी कोण वापरेल? ज्यांनी आयुष्यभर साय दुसऱ्याच्या वाटीत घातली, त्याच.

वहिनी : हे लागलं मला, कारण खरं आहे. पण त्यावरून तुम्ही जे म्हणताय ते पटत नाही. सासूबाईंचं ‘नको’ नुसतं बोललेलं होतं, म्हणूनच ज्यानं त्यानं त्याचा अर्थ लावला. तुम्ही लावलात, तिथल्या डॉक्टरांनी लावला, मुंबईहून फोनवर वन्संनी लावला. त्यांना स्वतःला तेवढा लावू दिला नाही. मी चार पानं लिहिली आहेत ती अर्थ लावायला जागा उरू नये म्हणून. ‘उपचार नकोत’ असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. पडले, हाड मोडलं, ऑपरेशन करा. न्यूमोनिया झाला, इंजेक्शनं द्या. मी लिहिलंय ते एवढंच : मी कुणाला ओळखत नाही, आणि डॉक्टरांचं मंडळ म्हणतंय की आता यातून परत येणं नाही, तर मग व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, नाकातून नळी घालून महिनोन् महिने भरवणं नको, आणि हृदय थांबलं तर छातीवर दाब देऊन बरगड्या मोडणं नको. हे वाचून तुम्हाला त्यात पातेल्यातलं उरलंसुरलं खाणारी बाई दिसते का? मला तर शाळेत तीस वर्षं निबंध तपासलेली बाई दिसते.

भाऊजी : निबंध चांगला आहे. अडचण परीक्षेची आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. ‘आता परत येणं नाही’ हे वाक्य आयसीयूत कुणी तारीख-वार घालून देत नाही. तिथे निर्णय होतात रात्री दोन वाजता. न्यूमोनिया आहे, श्वास भराभर चाललाय, ऑक्सिजन पुरत नाही. आत्ता नळी घातली तर सहा-सात दिवसांत माणूस कदाचित उठून बसेल, कदाचित नाही. ड्यूटीवरचा पोरगा डॉक्टर बाहेर येऊन विचारतो, ‘टाकायची का?’ त्या क्षणी तुमच्या चार पानांतलं कुठलं पान उघडू? आणि एकदा नळी गेली की दहाव्या दिवशी ती काढणं हे पहिल्या रात्री ती न घालण्यापेक्षा शंभरपट जड असतं. शास्त्र दोन्ही सारखंच म्हणतं, हात मानत नाही. अमेरिकेत अशा कागदाचा कायदा कॅलिफोर्नियानं १९७६ मध्येच केला. पुढे अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत नऊ हजारांवर गंभीर रुग्णांचा अभ्यास झाला, १९९५ मध्ये तो छापून आला. रुग्णाला काय हवं ते विचारून डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला त्यांनी खास तयार केलेल्या परिचारिका नेमल्या होत्या. तरी शेवटच्या दिवसांतलं काही बदललं नाही. आयसीयूचे दिवस तेवढेच, दुखणं तेवढंच.

आणखी एक सांगतो. धडधाकट माणसाला आजारी माणसाच्या मनातलं कळत नाही, तो आजारी माणूस तो स्वतःच असला तरी. मानेखाली लुळे झालेले रुग्ण मी पाहिलेत. पहिल्या आठवड्यात हात जोडता येत नाहीत म्हणून डोळ्यांनी विनवायचे, ‘इंजेक्शन देऊन संपवा.’ वर्षभरानं त्याच माणसाला चहात साखर कमी पडल्याचा राग यायचा. आज अडुसष्टाव्या वर्षी, चालत्या पायांनी, तुम्ही त्या पुढच्या बाईला बांधून टाकताय. तिच्याही हाताला ती गॉजचीच पट्टी आहे, वहिनी.

वहिनी : लुळी पडले तर मला उचलून उन्हात बसवा आणि चहात साखर घाला. मी ते नाकारलेलं नाही. मी फक्त ‘ओळखत नाही आणि परत येणं नाही’ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर म्हटलंय. आणि हा कागद अमेरिकेची नक्कल आहे असं म्हणू नका. आपल्याकडे माणसं आपला शेवट सांगून गेली आहेत. विनोबांना नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आला. थोडा आराम पडल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही थांबवलं आणि १५ तारखेला, दिवाळीत, देह ठेवला. सरकारी डॉक्टरांना त्यांच्यापुढे काही करता आलं नाही. आणि इथून जवळच, डोंगरगडला, जैन आचार्य विद्यासागरांनी १८ फेब्रुवारी २०२४ ला सल्लेखनेनं, म्हणजे अन्नपाणी सोडून, समाधी घेतली, तेव्हा आपल्या शहरातून किती गाड्या तिकडे गेल्या! तिथे कुणी म्हटलं का, यांना वेळेवर व्हेंटिलेटर लावायला हवा होता?

भाऊजी : दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. विनोबा जागे होते. पाण्याचा पेला रोज समोर यायचा आणि ते रोज मान हलवायचे. सहाव्या दिवशी त्यांनी हात पुढे केला असता तर त्याच क्षणी पाणी मिळालं असतं. आचार्यांचंही तेच. तो नकार ताजा होता, दर घटकेला नव्यानं दिलेला. तुमचा नकार शिळा असणार. दहा वर्षांपूर्वीचा, कपाटात ठेवलेला, मागे घ्यायला जीभ नसताना वापरलेला. आणि त्या दोघांनी जे केलं त्याला साधना लागते. लोक त्याला इच्छामरण म्हणतात. तुम्ही लिहिलंय ते इच्छामरण नव्हे. आजार आपल्या गतीनं जाताना वाटेत यंत्र आडवं घालू नका, एवढीच ती विनंती आहे. मराठीत या दोहोंची गल्लत इतकी आहे की माझ्या ओळखीचे वकीलसुद्धा ‘इच्छामरणाचा फॉर्म’ म्हणतात.

इथे मला मध्ये बोलायला हवं, कारण या गल्लतीमुळेच माणसं कागदाला हात लावत नाहीत. विष देऊन किंवा इंजेक्शन देऊन मारणं भारतात गुन्हा आहे आणि राहील. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ९ मार्च २०१८ ला मान्य केलं ते वेगळं : बरं न होणाऱ्या आजारात कृत्रिम आधार नाकारायचा हक्क, आणि तो आधीच लिहून ठेवायची मुभा. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून ते जवळजवळ कुणाला जमलंच नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं बोलायला एकाहून जास्त नावं देता येतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. वेळ आली की रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ आणि मग जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं, दोघांनी शक्यतो अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. दोन्हींचं एकमत आणि नेमलेल्या माणसाची संमती असली तर दंडाधिकाऱ्याला कळवून आधार काढायचा. कागद नसला तरी हाच मार्ग नातेवाइकांना खुला आहे. गोव्यात ३१ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका लावून धरली, तेव्हा कुठे हे कागद सांभाळणारे अधिकारी नेमले गेले. ज्या न्यायाधीशांना आणि डॉक्टरांना आतली परिस्थिती ठाऊक आहे त्यांनी आधी स्वतःचे कागद केले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आता या दोघांकडे परत.

वहिनी : गल्लतीचं म्हणाल तर मीही भोगलीय ती. ज्या कार्यालयात मी प्रत द्यायला गेले तिथे खिडकीवरच्या मुलानं ‘वसीयत है क्या, माताजी?’ म्हणून मला रजिस्ट्रीकडे पाठवलं. मी परत आले, त्याला समजावून सांगितलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘आपके बच्चे नहीं हैं क्या?’ मला बोलवेना. मुलं आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. मुलं आहेत म्हणूनच तर कागद हवा. अरुणा शानबागचं आठवा. केईएममधली परिचारिका, २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयात पडून होती. जवळजवळ बेचाळीस वर्षं. तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी न्यायालयात गेल्या की तिचं अन्न थांबवा. परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही भरवू. २०११ च्या निकालात न्यायालयाला ठरवावं लागलं की अरुणाचं आपलं माणूस कोण, पुस्तक लिहिणारी की रोज कूस बदलणाऱ्या? न्यायालयानं कूस बदलणाऱ्यांच्या बाजूनं कौल दिला, आणि मला तो योग्य वाटतो. पण या सगळ्यात अरुणाला काय हवं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला कोण विचारणार? मला अडुसष्टाव्या वर्षी विचारता येतं. माझं आपलं माणूस कोण, हे कोर्टानं का ठरवावं?

भाऊजी : अरुणाच्या पाठीला इतक्या वर्षांत व्रण पडू दिला नाही त्या बायकांनी. तुम्ही ते बोललात म्हणून माझ्या मनातलं बोलतो. आपण एवढा वेळ फार उपचारांबद्दल भांडतोय. माझ्या पस्तीस वर्षांत मी त्याच्या दसपट माणसं फार थोड्या उपचारांनी जाताना पाहिली. महासमुंदकडून, बलौदाबाजारकडून, कांकेरकडून माणसं येतात. चार दिवस आयसीयू, सरकारी आरोग्य कार्डावरची रक्कम संपते, मग दागिना, मग शेताचा तुकडा. पाचव्या दिवशी मुलगा फॉर्मवर सही करतो की मी माझ्या जबाबदारीवर, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट नेतोय. सल्ला कुणाचा असतो? आमचाच. आम्हीच हळू आवाजात सांगितलेलं असतं, ‘घर ले जाइए, सेवा कीजिए.’ ‘सेवा करा’ म्हणजे आता काही उरलं नाही, हे इथे दाराशी बसलेल्या सगळ्यांना कळतं. मग तोंडातली नळी तशीच ठेवून रबरी फुगा दाबत अ‍ॅम्ब्युलन्स निघते. मागे बसलेला एखादा पुतण्या शंभर किलोमीटर तो फुगा दाबत जातो. घराच्या ओसरीवर खाट टाकलेली असते, तोंडात गंगाजळ आणि तुळशीचं पान घालतात, आणि मग तो पुतण्या हात थांबवतो. वहिनी, यंत्र थांबवायचा निर्णय या राज्यात रोज होतो. मंडळ नाही, दंडाधिकारी नाही, अठ्ठेचाळीस तास नाहीत. तो निर्णय बिलाच्या खिडकीपाशी होतो आणि त्याची सही एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातांवर राहते. या देशात ‘नको’ म्हणायचा हक्क मोठ्या दिमाखानं मान्य झाला. ‘हवं’ म्हणायचा हक्क ज्यांना कधी मिळालाच नाही, त्यांनी त्याचं काय करायचं?

वहिनी : त्या पोराचं ऐकून मला माझे चार कागद हलके वाटायला लागले. पण भाऊजी, त्या ओसरीवर एक गोष्ट होती जी सासूबाईंना मिळाली नाही. माणसं होती. आपण पाटल्यांचं पुडकं धरून काचेबाहेर होतो.

भाऊजी : माणसं होती आणि कळाही होत्या. त्या ओसरीवर कर्करोगाचा रुग्ण रात्रभर ओरडतो आणि गावात मॉर्फिनची एक गोळी नसते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन इतकं अडचणीचं करून ठेवलं की डॉक्टर ते हातात धरायला घाबरायचे. २०१४ मध्ये कायदा सुधारला, पण भीती गेली नाही. केरळात शेजारपाजारच्या लोकांनी वर्गणी काढून, पाळ्या लावून घरोघर वेदना शमवायची सेवा उभी केली. पुण्यात वारज्याला तशी संस्था आहे, मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. ती शुश्रूषा दाराशी येणार असेल तर मी तुमच्या कागदावर डोळे मिटून सही करीन. ती नसताना व्हेंटिलेटर नाकारणं म्हणजे एका खोलीतून उठून रिकाम्या खोलीत जाणं. तुमच्या चार पानांत ‘नको’ची यादी आहे. ‘हवं’ची यादी कुठे आहे?

वहिनी : नाही खरी. सुचलीच नाही मला. बघा, तुमचं ते सायीचं बोलणं इथे खरं ठरलं. थांबा, लिहितेच. दुखू देऊ नका, त्यासाठी लागेल ते औषध द्या, त्यानं दोन दिवस आधी गेले तरी चालेल. तोंड कोरडं पडू देऊ नका, ओल्या कापसानं पुसत राहा. माझ्याशी मराठीत बोला. मला कळत नाही असं डॉक्टर म्हणाले तरी बोला. दर दोन तासांनी कुशीवर करा. हे कुठल्या नोटरीच्या नमुन्यात नसेल.

भाऊजी : नसू दे. एवढ्या चार ओळी मला त्या चार पानांपेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत, कारण त्यांतून मला तुम्ही कळता. रात्री दोन वाजता यंत्रांची यादी कामाला येत नाही. या बाईला काय असलं म्हणजे जगणं वाटतं, ते कळलं तर मी काहीतरी ठरवू शकेन.

वहिनी : म्हणजे तुम्ही बोलायला तयार झालात?

भाऊजी : नाही. कारण अजून आईचं पुरतं बोललो नाही. त्या एकोणीस दिवसांतल्या सहाव्या दिवशी मला डॉक्टर म्हणून कळलं होतं. मूत्रपिंडं गेली होती, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला नीट आकसत नव्हत्या. पुढचे तेरा दिवस आईसाठी नव्हते. ते माझ्यासाठी होते. मला ‘शर्थ केली’ असं म्हणता यायला हवं होतं. तात्यापारा मोहल्ल्यातल्या प्रत्येक माणसाला, महाराष्ट्र मंडळात भेटेल त्या प्रत्येकाला, आणि रात्री स्वतःला. थांबवायचं मनात आलं असतं तरी तेव्हा बिलासपूरला हायकोर्टात जावं लागलं असतं, ही मी स्वतःला दिलेली सबब. मे २०२० मध्ये माजी मुख्यमंत्री अजित जोगी ९ तारखेपासून २९ पर्यंत इथे कोमात होते. मेंदू जागा व्हावा म्हणून त्यांच्या कानांत गाणीसुद्धा लावली होती. लोक म्हणायचे, कशाला? मी म्हटलं नाही. जवळच्या माणसाला वेळ लागतो. तुमच्या कागदात त्या वेळेला जागाच नाही.

वहिनी : मग किती वेळ लागतो ते सांगा, मी लिहून देते. हसू नका. सात दिवस. रात्री दोन वाजता शंका असली तर नळी घाला. मी हरकत घेत नाही. पण त्याच वेळी डॉक्टरांना विचारा, सात दिवसांत काय दिसलं तर पुढे जायचं आणि काय दिसलं तर थांबायचं. ते सात दिवस तुमचे. आठवा माझा.

भाऊजी : हे तुम्ही म्हणालात ते आयसीयूतले शहाणे डॉक्टर करतात. मुदत ठरवून केलेला प्रयत्न. लिहा. आता एकच अडतंय. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘माझ्यामुळे मुलांची ओढाताण होऊ नये, ही माझी इच्छा.’ ती ओळ खोडा, मग मी सही करतो. बाकीच्या सगळ्या ओळी तुमच्या आहेत. ही आईची आहे. पातेल्यातली. तुम्ही मुलांचा खर्च, त्यांची रजा, सुनेची कुरकुर हिशेबात धरून आपलं मरण ठरवायचं, आणि मी त्याला संमती द्यायची? उद्या हाच हिशेब एखाद्या घरात मुलगा आईकडून लिहून घेईल. ही ओळ त्याला दार उघडून देते.

वहिनी : ती ओळ राहील.

भाऊजी : वहिनी...

वहिनी : राहील. मुलाच्या भीतीनं लिहिलेलं आणि मुलाच्या मायेनं लिहिलेलं सारखं दिसतं, हे मला कळतं. बाहेरून ओळखता येणार नाही, हेही कळतं. पण म्हणून ते माझं नाही असं तुम्ही कसं म्हणता? पंचेचाळीस वर्षं या घरात मी जे जे केलं ते कुणाला तरी डोळ्यांपुढे ठेवून केलं. तुमच्या दादांना, मुलांना, सासूबाईंना. ते सगळं वजा करून उरेल ती ‘खरी मी’, आणि तिनं सांगितलेलंच तेवढं ऐकायचं? तशी कुणी उरत नाही, भाऊजी. विनोबांनी एकट्यानं मान हलवली, ते आश्रमात राहत होते. मी घरात राहते. सासूबाईंना साय आवडायची, मला माहीत आहे. चोरून बोटानं घ्यायच्या. पण तुमच्या वाटीतली साय पाहून त्यांना जो आनंद व्हायचा तो खोटा नव्हता. तुम्ही तो शिकवलेला म्हणून बाजूला काढता, तेव्हा त्यांच्या हातात काय उरतं?

भाऊजी : याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी ती ओळ असलेल्या कागदावर माझा हात चालत नाही. अशी ओळ लिहिणाऱ्या शंभर बायका माझ्यासमोर बसल्या तर किती जणींची ती स्वतःची असेल, हे मला दोन वाजता कसं कळावं? आणि समजा मी ‘घाला नळी’ म्हटलं, तुम्ही वाचलात, अर्धं अंग लुळं घेऊन, बोलता येत नाही. तर?

वहिनी : तर मला विचारा. डोळ्यांनी सांगता आलं तरी विचारा, रोज विचारा. कागद तोवर कपाटात ठेवा. सासूबाईंना त्या पहिल्या दोन दिवसांत, जीभ मोकळी होती तेव्हा, आपण सगळं विचारलं. दुखतंय का, पाणी हवंय का, मला ओळखलंत का. ‘तुम्हाला घरी यायचंय का?’ हे तुम्ही विचारलं नाहीत. मीही नाही विचारलं.

भाऊजी : विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, तुम्हाला काय वाटतं?

वहिनी : दोन्ही वाटतं. कधी वाटतं, ‘ने’ म्हणाल्या असत्या. कधी वाटतं, तुमचा चेहरा बघून ‘नको, राहू दे, तुझं समाधान होऊ दे’ म्हणाल्या असत्या. कागद इथेच असू द्या. शनिवारी नागपूरहून मुलगी येतेय, दुसरं नाव तिचंच आहे. आज जे बोललात ते तिच्यासमोर पुन्हा बोला. सहाव्या दिवसाचंही सांगा. आणि सुरुवात रात्रीच्या दोन वाजल्यापासून करा.